पलंगाखालची पेटी

भाऊजींच्या संघानं अंतिम सामना जिंकला त्या संध्याकाळी मैदानावर मोठं खोकं भरून फटाके आणले होते. चार बाण उडाले, दोन भुईनळे पेटले आणि वारा असा सुटला की मैदानाच्या रखवालदारानं हात जोडून सगळं बंद करायला लावलं. पाऊण खोकं फटाके तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी भाऊजी ते खोकं घेऊन थोरल्या वहिनीच्या दारात उभे.

"वहिनी, चार दिवस ठेव. माझ्या खोलीवर ठेवले तर घरमालक मलाच पेटवून देईल."

थोरली त्या घरातली मोठी सून. चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जायची, आणि घरी सासू, सासरे, बसवर ड्रायव्हर असलेला नवरा, सगळ्यांचं वेळापत्रक तिच्याच डोक्यात असायचं. निष्काळजी म्हणून तिला कुणी नावं ठेवली नसती. तिनं खोकं हातात घेतलं आणि घरभर नजर फिरवली. स्वयंपाकघर नको, तिथं गॅस. माळ्यावर नको, माळ्याखाली गिझर. गच्चीच्या जिन्यात ऊन येतं. राहिली मागची खोली. थंड, कोरडी, विजेचं बटणसुद्धा एकच, तेही दिव्याचं. तिनं लोकरीच्या कपड्यांची पत्र्याची पेटी रिकामी केली, त्यात खोकं ठेवलं, हलू नये म्हणून चारी बाजूंनी जुन्या सुती चादरी ठासून भरल्या, वर बसून झाकण लावलं, कुलूप घातलं आणि पेटी लोखंडी पलंगाखाली भिंतीपर्यंत सरकवली.

कुणाला सांगितलं नाही. सासूबाई कुकरच्या शिट्टीलासुद्धा दचकायच्या. चार दिवसांचाच तर प्रश्न, उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर, असं तिला वाटलं.

चार दिवसांचे तीन महिने झाले. भाऊजी "येतो, नेतो" म्हणत राहिले. मग एके दिवशी सासूबाई न्हाणीघराच्या दारात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की मागची खोलीच बरी. शांत आहे, गारवा आहे, न्हाणीघर जवळ. थोरली दारात उभी राहून बघत होती. नवऱ्यानं आणि सासऱ्यांनी आईला अलगद उचलून त्या लोखंडी पलंगावर ठेवलं.

उद्याच पेटी काढायची, असं तिनं मनाशी म्हटलं. पण उद्या सासूबाईंना ताप होता. परवा पाहुणे. मग पलंगाखाली घुसायचं तर सासूबाई विचारणार, "काय शोधतेस गं?" आणि मग सांगावं लागणार की तुम्हाला मी पंधरा दिवस कशावर झोपवलंय. जितके दिवस जात तितकं ते सांगणं जड होत गेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिचं झालं होतं. केर काढतानाही पलंगाखाली झाडू घालताना ती श्वास रोखून धरायची.

त्यातच सासूबाईंनी नवीन तक्रार सुरू केली.

"या खोलीत दारूचा वास येतो."

सगळे खो खो हसले. सासरे कानानं जड. छापखान्यातल्या यंत्रांपाशी तीस वर्षं काढलेला माणूस. त्यांना नवऱ्यानं ओरडून सांगितलं, "बाबा, आई म्हणते तुम्ही चोरून घेता!" सासरे बिचारे तोंड उघडून वास द्यायला तयार झाले. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोरलीही हसली. सगळ्यांपेक्षा जरा मोठ्यानंच हसली.

सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. पुन्हा वासाचं नाव काढलं नाही.

हे झालं आणि आठवड्याच्या आत ती दुपार आली.

थोरली दुकानाच्या मागच्या अरुंद खोलीत यंत्रापाशी बसली होती. काचेची कड फिरत्या दगडावर घासली जात होती, पाण्याची बारीक धार वरून पडत होती. काम नजरेचं आणि बोटांचं. अर्धा केस इकडे-तिकडे झाला की काच चौकटीत बसत नाही. तेवढ्यात दुकानाच्या मालकांनी पडदा सरकवला.

"तुझ्या घरून फोन. सासरे आहेत. सगळ्या दुकानाला ऐकू येतंय."

तिनं ओले हात पुसले आणि फोन घेतला.

"अगं, रंग कुठला देऊ?" सासरे ओरडले.

"कसला रंग, बाबा?"

"दांड्याला! पलंगाला बाजूनं दांडा लावतोय ना, तुझी सासू परवा खाली सरकली होती. वेल्डरला घरीच बोलावला. म्हटलं तू येईपर्यंत सगळं तयार. पांढरा देऊ का हिरवा?"

सासऱ्यांच्या आवाजामागे तिला दुसरा आवाज ऐकू आला. चर्रर्र. थांबला. पुन्हा चर्रर्र. गरम तव्यावर पाणी पडावं तसा.

"बाबा, त्याला थांबवा! पलंगाखाली पेटी आहे. पेटी!"

"हो हो, पेटी काढली. गादीपण काढली. काळजी करू नकोस."

"बाबा, पेटीत फटाके आहेत! फटाके!"

"फटके? हो, मारलेत दोन फटके, दांडा सरळ केलाय. अगं मुलगा हुशार आहे. बरं, पांढराच देतो. चहा उतू जाईल माझा." आणि फोन बंद.

तिनं परत लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. नवरा बसवर, त्याचा फोन डेपोच्या कपाटात. शेजारीण कामावर. तिनं मालकांकडे पाहिलं तेव्हा ते खुर्चीतून आधीच उठलेले होते.

"अग्निशमनवाल्यांना फोन करा," ती म्हणाली. "घरात फटाक्यांची पेटी आहे आणि वेल्डिंग चाललंय. माणसं आत आहेत. पत्ता तुमच्या वहीत आहे."

"तू कुठे चाललीस? अगं, थांब, ते येतील..."

ती रस्त्यावर होती.

दुकान ते घर चालत वीस मिनिटं. रिक्षा दिसली नाही. ती धावली. चप्पल पहिल्याच वळणावर तुटली, ती तिथंच टाकली. रस्ता भट्टीसारखा तापला होता. लोक वळून बघत होते, एका भाजीवालीनं "काय झालं गं?" विचारलं, पण ती थांबली नाही.

धावताना तिच्या मनात एकच हिशोब फिरत होता. पेटी काढली म्हणजे कुठे काढली? खोलीबाहेर की पलंगाच्या बाजूला? गादी काढली म्हणजे आईंना उचललं. उचलून कुठे ठेवलं? आईंची बसायची खुर्ची त्या दारातून पुढच्या खोलीत नेताना अडते; म्हणजे त्या तिथंच. त्याच खोलीत. आणि मग तिला ते सासूबाईंचं बोलणं आठवलं. दारूचा वास. खुळे, ती प्यायची दारू नव्हे! फाटलेल्या फटाक्यांतून सांडलेली ती फटाक्यांची दारू. आईंना महिनाभर तिचा वास येत होता आणि घरानं त्यांना वेड्यात काढलं. घरानं कशाला? आपणच. आपल्याला तर ठाऊक होतं.

कोपऱ्यावरून वळताना ती कान टवकारून होती, आता होईल, आता होईल. प्रत्येक पावलाला वाटत होतं की पुढच्या पावलाला तो आवाज येणार, आणि आपण उशिरा पोचणार.

घर उभं होतं. पुढचं दार उघडं, आणि दाराशेजारच्या मीटरच्या फळीतून जाड काळी वायर दारातून आत गेलेली. आतून निळा उजेड भिंतीवर लखलखत होता. चर्रर्र. चर्रर्र.

आत पळत जाऊन ओरडायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचे हात रोज फिरत्या दगडाशी काम करणारे. मागून कुणी दचकवलं की काय होतं ते त्या हातांना माहीत होतं. ती दाराशीच थांबली, मीटरच्या फळीवरचा मेन स्विच पकडला आणि खाली ओढला.

उजेड गेला. आवाज गेला. घर एकदम मुकं झालं.

"काका, लाइट गेली वाटतं!" आतून वेल्डर म्हणाला.

थोरली भिंतीला धरून मागच्या खोलीच्या दारात पोचली. उघडा लोखंडी पलंग मध्यभागी. खिडकीपाशी खुर्चीत सासूबाई, डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून तोंडावर टॉवेल टाकलेला. आणि पलंगाशेजारी, काळ्या काचेचा मुखवटा कपाळावर सरकवून, हातात रॉडची पकड धरून, वेल्डर बसलेला. पेटीवर. त्याला बसायला बरोबर उंचीची मिळाली होती ती.

"उठा," ती म्हणाली.

"अं?"

"उठा त्या पेटीवरून. हळू उठा. काही आपटू नका."

तिचा चेहरा बघूनच तो उठला असावा. तो उठला तसा तिला वास आला. जळक्या कापडाचा. तिनं खाली पाहिलं. झाकणाच्या फटीतून चादरीचं एक टोक बाहेर आलं होतं, वीतभर. चार महिन्यांपूर्वी घाईनं झाकण लावताना अडकलेलं. त्या टोकाला काळी कड धरली होती, आणि काळ्याच्या पुढे लाल रेघ, मुंगीच्या चालीनं आत सरकत होती. झाकणाकडे. न जळलेलं कापड बाहेर जेमतेम दोन बोटं उरलं होतं, आणि त्याची एक कड तर फटीपर्यंत काळी झाली होती.

"त्यात काय आहे?" वेल्डरनं विचारलं. त्याला कळलं होतं. तरी विचारलं.

"फटाके."

वेल्डरच्या पायाशी पाण्याची बादली होती, त्यात भिजवलेलं गोणपाट. तिनं ते ओलं गोणपाट उचललं आणि दोन्ही हातांनी त्या टोकावर दाबून धरलं. चुर्र झालं. बोटांना चटका बसला, तरी तिनं हात काढला नाही. वेल्डरनं बादली उचलली आणि झाकणाच्या फटीवर हळूहळू ओतू लागला. निम्मं पाणी तिच्या मांडीवर गेलं.

"आत गेली असेल तर?" तो कुजबुजला. मोठ्यानं बोललं तरी ती पेटेल अशी त्याला भीती वाटत असावी.

"आधी आईंना."

सासूबाईंनी टॉवेल काढला होता. त्या दोघांकडे बघत होत्या. त्यांच्या खुर्चीची एक बाजू थोरलीनं धरली, दुसरी वेल्डरनं. दारात खुर्ची अडकली. नेहमी अडकायची तशीच. वेल्डरनं मागे वळून पेटीकडे पाहिलं, आणि मग खांद्यानं असा रेटा दिला की चौकटीचा ढलपा निघाला, पण खुर्ची सुटली.

स्वयंपाकघराच्या दारात सासरे चहाचे तीन कप घेऊन उभे. "अगं, तू? एवढ्या लवकर?"

थोरलीनं गॅस बंद केला, त्यांच्या दंडाला धरलं आणि ओढतच बाहेर काढलं. कप पायरीवर फुटले. त्या आवाजानं वेल्डर मटकन खाली बसला.

गल्लीच्या टोकापर्यंत खुर्ची नेऊन ते थांबले. थोरलीनं शेजारच्या घरांची दारं ठोठावून सगळ्यांना बाहेर काढलं. मग वाट बघणं आलं. घराच्या उघड्या दाराकडे सगळे बघत होते. घर रोजच्यासारखंच दिसत होतं, दोरीवर नवऱ्याचा गणवेश वाळत होता. त्या पेटीत आता काय चाललंय हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. सात मिनिटं गेली. नंतर लोक म्हणाले सातच. तिला विचारलं असतं तर तिनं सात म्हटलं नसतं.

गाडी आली. अधिकारी पिकल्या मिशांचा, शांत माणूस. त्यानं थोरलीला चार प्रश्न विचारले: किती, कधीपासून, कशात, कुलूप आहे का. तिनं किल्ली दिली. दोन माणसं पाइप घेऊन आत गेली, बऱ्याच वेळानं पेटी पाण्यानं निथळत बाहेर आणून गल्लीच्या मोकळ्या जागेत ठेवली. लोकांना लांब हटवून झाकण उघडलं.

अधिकाऱ्यानं तिला जवळ बोलावलं. "बघा."

चादर झाकणाच्या आतसुद्धा जळली होती. चार बोटं. तिथं ओल लागून थांबली होती. खोकं तिथून वीतभर. खोक्याचा तळ फुगून फाटला होता आणि पेटीत भिजलेल्या राखाडी भुकटीचा थर पसरलेला.

"मी थंड जागा बघून ठेवले होते," थोरली म्हणाली. "कोरडी. गॅसपासून लांब."

"जागा बरोबर निवडलीत. पण पत्र्याच्या पेटीत ठासून कुलूप लावलंत. उघड्यावर पेटले असते तर फुसफुसले असते, उडाले असते. यात पेटले असते तर पेटीच फुटली असती, पत्र्याचे तुकडे होऊन." त्यानं आवाज चढवला नव्हता. "आणि उरलेले फटाके घरात ठेवायचेच कशाला? पाण्यात बुडवायचे, नाहीतर आम्हाला फोन करायचा. आम्ही काय फक्त आगीलाच येतो?"

त्यांनी सगळे फटाके पाण्याच्या पिंपात बुडवले आणि पिंप गाडीवर चढवलं.

तोवर सासऱ्यांना कुणीतरी कानाशी ओरडून काय झालं ते सांगितलं होतं. अर्धंच सांगितलं असावं. ते हात उगारून वेल्डरसमोर जाऊन उभे राहिले.

"खाली बघून काम करता येत नाही? ठिणग्या कुठे उडतात कळत नाही? आमची म्हातारी होती आत! घर जाळायला आला होतास का?"

जमलेल्या लोकांनीही माना डोलावल्या. वेल्डर कठड्यावर बसून होता, पांढराफटक. "मी तासभर बसलो होतो तिच्यावर," तो स्वतःशीच म्हणत होता. "दोन बिड्या ओढल्या. तिच्यावरच विझवल्या."

थोरली गप्प राहिली असती तर चाललं असतं. लोकांना दोषी मिळाला होता. भाऊजींचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. आणलं तर त्यांनीच होतं. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या तिच्याकडेच बघत होत्या.

"बाबा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की गाडीवरची माणसंही थांबली. "त्याची चूक नाही. मी ठेवले होते. चार महिन्यांपूर्वी, मी, माझ्या हातानं. आईंना त्या खोलीत आणलं तेव्हाही मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही."

सासऱ्यांनी उगारलेला हात खाली घेतला. ही वाक्यं त्यांना स्वच्छ ऐकू गेली होती.

ती सासूबाईंच्या खुर्चीशी जाऊन गुडघ्यांवर बसली.

"म्हणजे वास खरा होता," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"मला वाटलं माझं डोकं फिरायला लागलं. पडून पडून माणसाचं होतं म्हणतात. मी कुणाला सांगत नव्हते. दिवसभर तो वास घेत पडून राहायचे आणि विचार करायचे, आता पुढे काय काय व्हायचंय. आणि तू हसलीस."

तिची भाजलेली बोटं ठणकत होती.

"आत्ता माझ्याशी बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पण इथून हलूही नकोस."

ती तिथंच बसून राहिली. नवरा डेपोतून धावत आला, सगळं ऐकून तिच्यावर भडकला, मग गल्लीतच भावाला फोन लावून त्याच्यावर दुप्पट भडकला. भाऊजी संध्याकाळी आले आणि घराचा उंबरठाही न ओलांडता बाहेर पायरीवर बसून रडले. वेल्डरनं दोन दिवसांनी दांडा लावून दिला, पण आपल्या कारखान्यात. घरच्यांनी बाहेर काढून दिलेला पलंग त्यानं हातगाडीवर घालून नेला, त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

सासूबाई पाचव्या दिवशी तिच्याशी बोलल्या. थोरली दुकानातून येऊन त्यांचं अंथरूण सारखं करत होती.

"खाली बघ," त्या म्हणाल्या.

"काय, आई?"

"पलंगाखाली. वाकून बघ, आणि मला सांग काय आहे."

थोरली गुडघ्यांवर बसली, गाल फरशीला टेकवून तिनं आत पाहिलं. भिंतीपर्यंत.

"काही नाही, आई. फरशी आहे."

"कोपऱ्यात?"

"कोपऱ्यातही काही नाही."

सासूबाईंनी दांड्याला धरून मान जराशी वर केली. "हात घालून बघ."

थोरली पोटावर आडवी झाली आणि हात पुढे घालून गार फरशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपू लागली.